मजकूर मला समजला आहे

भाईंदर पश्चिमेला सरकारी कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकेकाळी टाइप करणाऱ्यांची सात टेबलं होती. त्यांतल्या सहा टेबलांवर प्रतिज्ञापत्र दहा मिनिटांत हातात पडायचं. सातव्या टेबलावर पाऊण तास लागायचा, आणि पाऊण तास थांबूनही मिळेलच याची खात्री नसायची. ते टेबल आत्माराम तळवडेकरांचं. शेडमध्ये त्यांना कुणी तळवडेकर म्हणत नसे. सगळे म्हणायचे, म्हणजेकाका.

कारण उघड होतं. गिऱ्हाईक समोर बसलं, मजकूर सांगायला लागलं, की पहिल्याच शब्दाला आत्माराम बोटं टाइपरायटरवरून उचलायचे आणि विचारायचे, "म्हणजे काय?"

एकदा एक रिक्षावाला आला. त्याला रहिवासाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. 'मी सदर पत्त्यावर गेली पंधरा वर्षे सलग राहत आहे.' आत्मारामांनी विचारलं, सलग म्हणजे काय? तो म्हणाला, सलग म्हणजे सलग. हळूहळू बाहेर आलं की मधली दोन वर्षं तो बायकोच्या बाळंतपणापासून गावाला होता, जौनपूरला.

"मग हे वाक्य खोटं आहे."

"अरे काका, लिख दो ना. सब लोग लिखते हैं."

"सब लोग खोटं लिहितात. यातला एक शब्द काढ. 'सलग' काढ. बघ, झालं की नाही खरं? तूही तोच, घरही तेच, वर्षंही तीच. एका शब्दाने सगळं खोटं होत होतं."

रिक्षावाला गेला गुणवंतभाईंच्या टेबलावर, आणि दहा मिनिटांत सलग राहून आला. गुणवंतभाई पाचव्या टेबलावर बसायचे, माणूस दिलदार, चहा पाजायचे, आणि आत्मारामांना रोज एकदा सांगायचे, "तळवडेकर, आपण टाइप करायचं. खरं का खोटं ते जज बघेल. आपण काय जज छे?" यावर आत्मारामांचं एकच उत्तर असायचं. खाली 'वरील मजकूर मला समजला असून तो खरा आहे' असं जे टाइप करतो ते माझं मशीन आहे. ज्याला एकेका शब्दाचा अर्थ माहीत नाही त्याला ते वाक्य खरं आहे की खोटं हे कळणार कसं? आणि ज्याला कळत नाही त्याने 'समजला आहे' म्हणून सही ठोकली, तर वरचं सगळं खरं असलं तरी शेवटची ओळ खोटीच झाली.

बोलणं बरोबर होतं, पण बरोबर बोलून पोट भरत नाही. गिरगावातली खोली विकून जेसल पार्कात वन बीएचके घेतलेला हा माणूस आयुष्यभर गुणवंतभाईंच्या अर्ध्यानेच कमावत राहिला. बायको हंसा शिकवण्या घ्यायची म्हणून मुलगा इंजिनिअर झाला आणि पुण्याला गेला. आत्मारामांच्या हट्टाचं कौतुक शेडमध्ये सगळ्यांना होतं. तो हट्ट पोसावा लागला एकट्या हंसाला, पण तिला कोणी म्हणजेकाकी वगैरे म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

आत्मारामांकडे एक वही होती. ज्यांचं टाइप केलं नाही त्यांची वही. तारीख, नाव, अडलेला शब्द, आणि त्या माणसाने सांगितलेला अर्थ. उद्या कोणी भांडायला आलं तर दाखवायला असावी, एवढ्यासाठीच ठेवलेली. त्यात काय काय सापडायचं! वारस : म्हातारपणी जो बघतो तो. हयात : जो आजारी नाही. अविवाहित : जिचा नवरा नांदवत नाही. आत्माराम कधी कधी रात्री जेवताना हंसाला वाचून दाखवायचे आणि दोघं हसायची. हसण्यात वाईट हेतू नव्हता. पण हसायची, एवढं खरं.

त्याच वहीत दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीतली एक नोंद आहे. ही गोष्ट त्या नोंदीची.

त्या दिवशी मुर्ध्याहून धर्मेश नावाचा तरुण आपल्या काकूला घेऊन आला. काकूचं नाव शांती. आगरी बाई, अठ्ठावन्नेक वर्षांची, नवरा मिठागरात राबून मेलेला, डोक्यावरची भाजीची पाटी नुकतीच खाली ठेवलेली. धर्मेशच्या हातात हक्कसोडपत्राचा कच्चा मजकूर होता. सहाही टेबलांवर गर्दी होती, सातवं तेवढं रिकामं, म्हणून तो नाइलाजाने तिथे बसला. आत्मारामांनी मजकूर मोठ्याने वाचला. मुर्धे गावातल्या अमुक घरावरचा आणि मागच्या वाडीवरचा माझा हक्क मी कायमस्वरूपी व स्वखुशीने सोडून देत आहे. सदर मजकूर मला वाचून दाखवला असून तो मला समजला आहे.

"मावशी, हक्क म्हणजे काय?"

"हक म्हंजे ती पावती ना रं. घरपट्टीची."

"आणि सोडून देणे?"

"ती पावती धर्मेसचे नावावर व्हल. बिल तो भरल. माना कुठं जमतंय म्युन्सिपाल्टीत रांगेत उबं ऱ्हायाला?"

"कायमस्वरूपी म्हणजे?"

शांती हसली. "त्ये सरकारी हाय. सगल्याच कागदावर आसतं."

धर्मेश मध्ये पडला. "काका, तिला समजतंय सगळं. तुम्ही टाइप करा ना." आत्मारामांनी कागद परत दिला. "नाही करणार. शेवटची ओळ खोटी आहे." वही काढून नोंद केली. शांती, मुर्धे. हक्क : घरपट्टीची पावती. मजकूर समजलेला नाही. टाइप केले नाही. धर्मेश चिडून उठला, शांतीही पाटी उचलून त्याच्यामागे गेली.

इथपर्यंतची हकिकत ऐकली की आत्मारामांबद्दल आदर वाटतो. पुढची त्यांनी तेरा वर्षं कोणाला सांगितली नव्हती, हंसालासुद्धा नाही. सातव्या टेबलावरून पाचवं टेबल अगदी स्वच्छ दिसायचं. अर्ध्या तासाने तिथली गर्दी ओसरली. धर्मेश शांतीला घेऊन गुणवंतभाईंसमोर बसला. टाइपरायटर दहा मिनिटं खडखडला. मग गुणवंतभाईंनी शाईचा पॅड पुढे सरकवला, आणि शांतीने अंगठा उमटवला. त्या वेळी तिने एकदा वर बघितलं, थेट आत्मारामांकडे. आत्माराम डबा उघडत होते. भेंडीची भाजी होती, तेवढंही त्यांना पुढे आठवायचं. उठून पाच पावलं चालून 'मावशी, यात तुमचं घर जातंय' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी अर्थ विचारला होता. सांगितला मात्र नव्हता. आपलं काम विचारण्याचं, लोकांच्या तोंडात अर्थ घालणं हे आपलं काम नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि डबा संपवला.

सात वर्षांनी धर्मेशने ती जागा एका बिल्डरला दिली. शांतीचा मुलगा काळूराम, टेम्पो चालवणारा, त्याच्या दारावर घर खाली करण्याची नोटीस लागली. त्या दिवशी शांतीला हक्क या शब्दाचा अर्थ कळला. काळूरामने दावा लावला. आईला मजकूर समजला नव्हता, म्हणून कागद रद्द करा. समोरचे म्हणाले, खाली स्वच्छ लिहिलंय की समजला आहे, वर अंगठा आहे. आता समजला नव्हता हे कसं दाखवणार? कोणाच्या डोक्यात कोणत्या शब्दाचा काय अर्थ होता याची नोंद जगात कोण ठेवतो?

म्हणजेकाका ठेवायचे. आधी एका टाइपवाल्याने नाही म्हटलं होतं, एवढं शांतीला आठवत होतं. शोधत शोधत काळूराम जेसल पार्कात पोचला. शेड तेव्हा मोडली होती, गुणवंतभाई वारले होते, आणि आत्माराम निवृत्त होऊन घरी बसले होते. नाव ऐकल्याबरोबर त्यांनी कपाटातून वही काढली आणि बरोबर ते पान उघडलं. काळूरामला धड वाचता येत नव्हतं, पण आईचं नाव त्याने ओळखलं आणि तो तिथेच सोफ्यावर बसून रडायला लागला.

"काका, तुमी फक्त कोर्टात येऊन ह्ये तुमचंच हाय म्हना. दुसरं काय बी नको."

"येईन," आत्माराम म्हणाले. "माझं राहून गेलेलं काम आहे ते." काळूराम गेल्यावर त्यांनी हंसाला डब्याची गोष्ट सांगितली. त्या रात्री वही वाचून कोणी हसलं नाही.

त्यानंतर टाळेबंदी आली, मग न्यायाधीश बदलले, मग समोरचा वकील आजारी पडला. साक्षीची पाळी यायला आणखी पाच वर्षं लागली. त्या पाच वर्षांत काय झालं ते हंसालाही वेळेवर कळलं नाही, आणि याबद्दल तिला दोष देण्यात अर्थ नाही. कोणालाच कळलं नसतं.

सुरुवात बाजारात झाली. भाजीवालीसमोर आत्मारामांनी विचारलं, "वाल म्हणजे काय?" हंसा म्हणाली, "झालं का सुरू?" घरी चहा करताना तिने गाळणं मागितलं. "गाळणं म्हणजे काय?" तिने मान हलवली आणि स्वतःच घेतलं. फोनवर मुलगा हसून म्हणाला, "बाबांनी टाइपरायटर सोडला, पण 'म्हणजे काय' नाही सोडलं." शेजारचे रोशनभाई लिफ्टमध्ये भेटले की मुद्दाम म्हणायचे, "काका, आज गरमी बहोत है," आणि आत्मारामांनी "गरमी म्हणजे काय?" विचारलं की टाळी द्यायला हात पुढे करायचे. आत्माराम टाळी द्यायचे. तीस वर्षं ज्या माणसाने प्रत्येक शब्दाला हाच प्रश्न विचारला, त्याला आता खरोखरच उत्तर माहीत नाही, हे ओळखायचं कसं? दुसऱ्या कोणाच्या घरी पहिल्याच महिन्यात धावपळ झाली असती. इथे दोन वर्षं थट्टेत गेली.

आणि बाकी सगळं तर ठणठणीत होतं. आत्माराम पेपर घडाघडा वाचायचे, एक काना-मात्रा चुकायचा नाही. दूधवाल्याचा खाडा कोणत्या दिवशी होता ते सांगायचे. बोलणंही नीट, वाक्यं सरळ, जागच्या जागी. फक्त हळूहळू त्या वाक्यांत नावं कमी होऊन 'ते', 'ती वस्तू', 'तो प्रकार' वाढत गेलं. खाडीच्या बाजूला फिरायला गेले असताना हंसाने बगळा दाखवला, तर म्हणाले, पक्षी. सहा महिन्यांनी त्याच जागी म्हणाले, जनावर.

आतून काय वाटत होतं ते आत्मारामांना नेमकं सांगता येत नसे, कारण सांगायला लागणारे शब्दच चाललेले. शब्द ऐकला की ओळखीचा वाटायचा, जिभेवर बसायचा, उच्चारता यायचा, आणि मागे काहीच नसायचं. भिंत चाचपडत दिव्याचं बटण शोधावं आणि हात नुसता भिंतीवरूनच फिरत राहावा, तसं. पेपरातलं वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते वाचायचे आणि ते खरं असेल की खोटं, याचा अंदाजच येईना. ज्याने आयुष्यभर वाक्यं तपासली त्याला यासारखी भीती दुसरी नव्हती. ते घाबरायचे, आणि घाबरले की मोठमोठ्याने पेपर वाचायचे. हंसाला वाटायचं, आज मूड चांगला आहे.

शेवटी कळलं ते ओट्याशी. हंसाच्या बोटावर उकळतं तेल उडालं. ती ओरडली, "अहो, बर्फ द्या, बर्फ!" आत्माराम फ्रिज उघडून उभे राहिले. एकेक वस्तू हातात घेऊन बघत राहिले. मग वळून त्यांनी विचारलं, "बर्फ म्हणजे काय?" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी हंसाला गेल्या दोन वर्षांतला प्रत्येक 'म्हणजे काय' पुन्हा ऐकू आला.

डॉक्टरांनी चित्रं दाखवली, फोटो काढले, आणि सांगितलं की मेंदूचा एक भाग आकसतोय. वाचणं राहील, बोलणंही बराच काळ राहील, दिवस-वार राहतील. शब्दांचे अर्थ तेवढे जातील, एकेक करून, आणि गेलेले परत येणार नाहीत. औषध काही नाही. हंसाने विचारलं, "कोणते आधी जातील?" डॉक्टर म्हणाले, जे कमी वापरात आहेत ते.

हक्क हा शब्द घरात कोण वापरतं?

पुढच्या महिन्यात साक्षीची तारीख लागली. काळूरामच्या वकील ममताबाई घरी आल्या. हंसाने त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांच्यासमोर आत्मारामांनी वहीतली नोंद वाचून दाखवली, खणखणीत. ममताबाई म्हणाल्या, "हे एवढं जमलं तरी पुरे. आणि हक्क म्हणजे काय ते विचारलं तर एक वाक्य सांगता आलं पाहिजे. एकच. काकी, तुम्ही शिक्षिका आहात, पाठ करून घ्या. यात खोटं काहीच नाही. जे झालं तेच सांगायचंय."

त्यांच्याबरोबर आलेला काळूराम दारातच उभा होता. शांती आता सत्त्याहत्तर वर्षांची झाली होती. ती याच घरात मरणार, असं तिने जाहीर केलं होतं. काळूराम म्हणाला, "काका, तुमी बोल्ला तं आय सुखानं मरंल."

मग हंसाने शिकवणी घेतली. सकाळी चहानंतर अर्धा तास, संध्याकाळी दिवाबत्तीनंतर अर्धा तास. "हक्क म्हणजे जे आपलं आहे आणि आपल्या मर्जीशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही ते."

"मर्जी म्हणजे काय?"

"मर्जी म्हणजे इच्छा."

"इच्छा म्हणजे?"

"आपल्याला जे हवं असतं ते." ती थांबली. त्यांचा चेहरा कोराच होता. एका शब्दाखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा, आणि तळाशी टेकायला जागा नाही. "अहो, अर्थ राहू द्या. नुसतं म्हणा माझ्यामागून."

त्यांनी म्हटलं. आठ दिवसांत पाठ झालं. अकराव्या दिवशी झोपेतून उठवून विचारलं तरी एक अक्षर चुकेना. हंसाला आनंद झाला आणि लगेच स्वतःची शरम वाटली, कारण आत्माराम तिच्याकडे लहान मुलासारखे बघत होते, बरोबर आलं का म्हणून.

"हंसा, हे खरं आहे?" त्यांनी विचारलं. खरं आणि खोटं हे दोन शब्द त्यांच्याकडे अजून शाबूत होते. आयुष्यभर दुसरं काही वापरलंच नव्हतं ना.

"खरं आहे. अगदी खरं आहे."

"तुला माहीत आहे. मला नाही माहीत."

"माझ्यावर विश्वास आहे ना तुमचा?"

"आहे," ते म्हणाले, आणि पुढे बराच वेळ खिडकीतून खाली बघत राहिले.

तारखेच्या दिवशी घोडबंदर रोडने बसने ठाण्याला गेले, दोघंच. कोर्टाच्या खोलीत शांती शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसली होती. काळूराम उभाच. आत्माराम पिंजऱ्यात गेले, शपथ म्हटली. कारकुनाच्या मागून त्यांचा आवाज त्याच्यापेक्षा स्पष्ट आला. ममताबाईंनी वही हातात दिली. अक्षर तुमचं? हो, माझं. नोंद वाचा. त्यांनी वाचली. त्या दिवशी काय झालं? सांगितलं. धर्मेश, पाटी, रिकामं टेबल, तिने काय म्हटलं, आपण काय म्हटलं, सगळं. घडलेलं त्यांना चित्रासारखं आठवत होतं. हक्क म्हणजे काय? "हक्क म्हणजे जे आपलं आहे आणि आपल्या मर्जीशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही ते." न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं. इतकं सुटसुटीत त्यांनाही सांगता आलं नसतं. काळूरामचा हात आईच्या खांद्यावर गेला.

समोरचा वकील उठला. तरुण, सभ्य मुलगा, नीरज नावाचा. त्याला आत्मारामांच्या आजाराचा पत्ताही नव्हता. साक्षीदार पक्का आहे हे त्याने ओळखलं होतं, म्हणून उगाच ताणायचं नाही असं ठरवून तो एकच सवयीचा प्रश्न विचारायला उठला होता.

"काका, ही नोंद खरी आहे असं तुम्ही आज शपथेवर सांगताय. म्हणजे यातला प्रत्येक शब्द तुम्हाला समजतो, समजूनच सांगताय. बरोबर?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. जगात कोणीही म्हणालं असतं. हंसाने मनातल्या मनात म्हटलंसुद्धा. ममताबाई कागद आवरायला लागल्या होत्या.

आत्मारामांनी वहीकडे बघितलं. अक्षर त्यांचं, पान त्यांचं. हक्क, मजकूर, घरपट्टी. प्रत्येक शब्द वाचता येत होता आणि एकाच्याही मागे कोणी नव्हतं. मग त्यांनी मान वर केली आणि खोलीच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या बाईकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, अगदी तशीच, जशी तेव्हा पाचव्या टेबलावरून बघत होती. तेव्हा तिनेही 'हां' म्हटलं होतं. तिलाही कोणीतरी सांगितलं होतं की नुसतं हां म्हण.

"नाही साहेब," आत्माराम म्हणाले. "मला समजत नाही. हे मला पाठ करून दिलं आहे."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे काय, तळवडेकर?"

"तेच," आत्माराम म्हणाले. "म्हणजे काय, तेच मला आता कळत नाही. हे सगळं झालं होतं. ती बाई आली होती. मी नाही म्हटलं होतं. पण मी कशाला नाही म्हटलं, ते... तो प्रकार आता माझ्याकडे नाही. माझी बायको म्हणते की खरं आहे. ती खोटं बोलत नाही."

न्यायाधीश बरे होते. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "घर म्हणजे काय, सांगाल?"

आत्मारामांनी विचार केला. खूप विचार केला. "शब्द ओळखीचा आहे साहेब. नाव आठवतं आणि माणूस आठवत नाही, तसं झालंय."

ममताबाईंनी डॉक्टरांचे कागद पुढे केले, जे आधी द्यायला हवे होते. त्यावर समोरच्या वकिलाने जे म्हणायचं तेच म्हटलं, आणि म्हणताना तो आत्मारामांकडे बघू शकला नाही. साक्षीदार साक्ष देण्यास सक्षम नाही, अशी नोंद झाली. साक्षीखाली नेहमीची ओळ होती, वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे. कारकुनाने पेन दिलं. आत्मारामांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि पेन परत केलं.

बाहेर व्हरांड्यात काळूरामने त्यांना गाठलं. त्याचा हात उगारला जाईल की काय असं हंसाला वाटलं. पण तो त्यांच्यासमोर येऊन थांबला.

"एक शब्द, काका! हो म्हनायचं व्हतं. खोटं बोलाया कोन सांगत व्हतं तुमाला? खरंच व्हतं ना ते? तुमाला कललं काय, न कललं काय, ते खरंच व्हतं ना?"

ते खरं होतं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि आत्मारामांना समजला नाही म्हणून तो तसूभरही कमी खरा झाला नव्हता. पण तो कोर्टापुढे ठेवणारा एकच माणूस जगात होता, आणि त्याने आयुष्यभर पाळलेला नियम आज दुसऱ्याच्या घरावर पाडला होता. हंसाला नवऱ्याचा अभिमान वाटायला हवा होता. तिला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्या रागाचं काय करायचं ते तिला कळेना.

शांती काठी टेकत आली. मुलाला तिने बाजूला केलं. आत्मारामांसमोर उभी राहून तिने त्यांना नीट निरखलं.

"तवा माना कलत न्हवतं," ती म्हणाली. "तुला कलत व्हतं, तं तू सांगला न्हायस. आता माना कलतंय. पन तुला सांगून काय उपेग?"

आवाज चढलेला नव्हता. ती बोलली आणि वळून मुलाचा हात धरून जिना उतरायला लागली, एकेक पायरी.

आत्माराम तिच्या पाठीकडे बघत राहिले. तिने आपल्याला काहीतरी दिलं आहे, महत्त्वाचं, एवढं त्यांना उमगलं होतं. चेहऱ्यावरून, थांबण्यावरून. ते हंसाकडे वळले. गेली दोन वर्षं वाल, गाळणं, बर्फ, मर्जी, इच्छा, ज्या ज्या शब्दाला ते अडले त्याचा अर्थ हंसाने त्यांना सांगितला होता, दिवसातून पन्नास वेळा, न कंटाळता.

"काय म्हणाली ती? म्हणजे काय?"

हंसाने त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली. वही पिशवीत टाकली.

"काही नाही," ती म्हणाली. "चला, बस जाईल."

आणि ते तिच्यामागून चालायला लागले.